सारजा आज आली नाही

माणूस जातो, पण त्याने उच्चारलेला शब्द या विश्वात कुठेतरी फिरत राहतो, असं ज्ञानी लोक सांगतात. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, 'सारजा वॉटर'च्या पहिल्या मजल्यावर, असे फिरणारे शब्द पकडण्यासाठी रामेश्वरला खुर्ची, टेबल आणि दोन पडद्यांचा संगणक देण्यात आला होता. फेसबुकवर, इन्स्टावर, कुठेही, कुणीही 'सारजा' असं लिहिलं की डाव्या पडद्यावर एक ठिपका उगवायचा. कौतुक असेल तर हिरवा, निंदा असेल तर लाल. रामेश्वर हिवाळ्यापासून त्या पडद्यापुढे बसला होता, आणि विश्वात काहीही फिरत नव्हतं.

अगदीच नाही म्हणायला एक ठिपका उगवला होता, तोही राखाडी. कुणाचं तरी पाकीट सारजाच्या बोर्डाखाली पडलं होतं. सापडल्यास आणून द्यावं, आत आईचा फोटो आहे, अशी विनंती होती. रामेश्वरने त्यावर दोन पानी अहवाल केला. बोर्डाचं स्थान लोकांच्या लक्षात राहतं, हा त्यातला निष्कर्ष.

सारजा हे कंपनीचे मालक बन्सीअण्णा यांच्या आईचं नाव. विमानतळाच्या अंगाला अण्णांची शेती होती. शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलं, मग बांध ओलांडून आत आलं, आणि जिथे ज्वारी उभी असायची तिथे 'लेक व्ह्यू' नावाच्या इमारती उभ्या राहिल्या. लेक कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. अण्णांकडे एक विहीर आणि दोन बोअर तेवढे उरले. एका दुष्काळात आजूबाजूचे सगळे बोअर आटले, अण्णांचे आटले नाहीत. तेव्हापासून ते पाणी गाळून जारमध्ये भरून विकू लागले. जारवर आईचा फोटो लावला. डोक्यावरून पदर, कपाळावर मोठं कुंकू, आणि फोटो काढणाऱ्यावर तिळमात्र विश्वास नसलेली नजर. स्वतः अण्णा मात्र कंपनीत येताना घरून फिरकीचा तांब्या घेऊन यायचे. मागे कधी आजारी होते तेव्हापासूनची सवय असेल, असं लोक धरून चालले होते. विचारलं कुणी नव्हतं.

शब्द पकडण्याची कल्पना अण्णांच्या मुलाची, ऋतुराजची. तो पुण्याला शिकून आला तो दाढी आणि 'ब्रँड' हा शब्द घेऊनच. लोक आपल्याबद्दल काय बोलतात हे आपल्याला कळलं पाहिजे, असं त्याने वडिलांना सांगितलं. अण्णा म्हणाले, ते पारावर बसलं की कळतंय. पण पार रस्तारुंदीत गेला होता. मग सॉफ्टवेअर घेतलं. त्याला ऋतुराज 'टूल' म्हणायचा, आणि टूलपुढे बसायला माणूस लागतो म्हणून रामेश्वरला घेतलं. रामेश्वरने विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली होती, आणि तो ज्या वर्तमानपत्रात उपसंपादक होता त्याने जिल्ह्याच्या पानाबरोबर जिल्ह्याची माणसंही कमी केली होती.

या नोकरीचं स्वरूप घरात एकाच माणसाला समजलं. रामेश्वरचा बाप बिरू वेरूळच्या पलीकडे डोंगराच्या कडेला मेंढरं राखायचा. रामेश्वरने त्याला टूल, ठिपके, उल्लेख हे सगळं नीट समजावून सांगितलं. बिरूने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"राखण हाय म्हण की," तो म्हणाला. "लांडगा दिसला की वराडायचं."

"व्हय बा. तसंच."

"अन् लांडगा आलाच नाय तर?"

एप्रिलमध्ये हाच प्रश्न ऋतुराजने विचारला. टूल पुढच्या वर्षासाठी ठेवायचं की नाही हे मेअखेर डेटावर ठरेल, असं त्याने सांगितलं. टूलबरोबर खुर्चीही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. खुर्ची टूलसाठीच आणली होती. आणि खुर्ची गेली की गाव. बिरू दर दिवाळीला 'येतो का माघारी' असं विचारायचाच. रामेश्वरला मेंढरातलं काही कळत नव्हतं, आणि मेंढरांना हे माहीत होतं.

तर असा मे महिना लागला. जायकवाडी तळाला चालली होती. शहरात नळाला पाणी कधी आठ दिवसांनी यायचं, कधी दहा. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घरातला एक माणूस कामावर जायचा नाही. शहर मात्र वाढायचं थांबलं नव्हतं. रोज कुठेतरी नवीन स्लॅब पडत होता, आणि त्यावर पाणी मारायला टँकर येत होता. अशा एका दिवशी, दुपारी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडता उघडता, रामेश्वरच्या डाव्या पडद्यावर ठिपका उगवला.

हिरवा होता. फेसबुकवर 'आपलं रेणुकाविहार' नावाचा एक गट होता, जालना रस्त्याच्या आतल्या एका वसाहतीचा. त्यात कुणीतरी 'शालू पी.' यांनी लिहिलं होतं, 'सारजा आज आली नाही.' पुढे जोडलेले हात आणि रंगीत फुगे. खाली प्रतिसादांची रांग लागली होती. 'खरंच का?' 'देव पावला.' 'मी हाफ डे टाकून निघते.' 'पेढे वाटा शालूताई.'

रामेश्वरने डबा झाकला. आपल्या पाण्याचा टेम्पो आला नाही म्हणून फुगे लावणारी माणसं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. यंत्राने फुगे बघून हिरवा रंग दिला होता. यंत्राला काय, ते भोळं. रामेश्वरने स्वतःच्या हाताने ठिपका लाल केला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसला. सुंदर दिसत होता.

आठवडाभराने पुन्हा तोच मजकूर. मग पुन्हा. दर वेळी शालू पी., दर वेळी फुगे, आणि प्रतिसाद आधीपेक्षा जास्त. शालू पी. यांच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं. गुलाबामागे माणूस लपतो, हे रामेश्वरला वर्तमानपत्रातल्या दिवसांपासून ठाऊक होतं. त्याने रात्री जेवताना बायकोला, शीलाला, सांगितलं की लांडगा आलाय. शीला शाळेत शिकवायची. तिने विचारलं, मग तू इतका खूश का आहेस. तो खूश नव्हता, सावध होता, असं त्याने स्पष्ट केलं.

ऋतुराजने तातडीची मीटिंग घेतली. केबिनमध्ये अण्णा, त्यांचा फिरकीचा तांब्या, ऋतुराज आणि हिशेबनीस पुंजाराम. भिंतीवर रामेश्वरचे लाल ठिपके मोठे करून दाखवले. ऋतुराजच्या मते हे 'निगेटिव्ह कॅम्पेन' होतं आणि त्यामागे एखादी व्यावसायिक टोळी असणार, पुण्याची नाहीतर थेट मुंबईची. अण्णांना टोळी मान्य नव्हती. त्यांच्या मते हा कडुबा होता. कडुबा म्हणजे अण्णांचा चुलतभाऊ, ज्याचा बांधावरून वाद होता. बांध आता सहा पदरी रस्त्याच्या पोटात गेला होता, वाद शाबूत होता. त्यात कडुबानेही यंदा जारचा धंदा सुरू केला होता. अण्णांच्या घरी मांजर आडवं गेलं तरी ते कडुबाचं असायचं.

मग अण्णांनी चष्मा लावून प्रतिसाद स्वतः वाचायला घेतले. पेढ्यांपाशी आल्यावर थांबले.

"माझी माय आली नाय म्हणून लोक पेढे वाटायलेत?"

ऋतुराज भिंतीवरचे ठिपके बघू लागला.

"जित्तेपणी बाई कुणाच्या दारात बसाया गेली नाय," अण्णा म्हणाले. "कुणाचं वाईट बोलली नाय. आन् आता तिचं तोंड दिसलं नाय म्हणून फुगं." त्यांनी चष्मा काढला. "सोमवारपर्यंत कोण हाय ते शोधा. नायतर तिचा फोटो काढून टाकतो समद्या जारवरनं. म्हातारीची शोभा नको."

पुंजाराम या सगळ्यात फक्त रामेश्वरकडे बघत होता. बाहेर आल्यावर मात्र जिन्यात त्याने सहज विचारावं तसं विचारलं.

"चार-सहा महिने कुणी नाव घेईना, अन् तुमची खुर्ची हालायला लागली की लगेच उल्लेख. मेळ बरा बसला म्हणायचा, नाय का?"

रामेश्वरला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा पुंजाराम खाली पोचला होता. आपण स्वतःच गुलाबाचं फूल लावून पोस्टी टाकतोय, असा हिशेबनिसाचा हिशेब होता. तो चुकीचा असला तरी मांडणी बिनचूक होती. आता लांडगा नुसता दाखवून भागणार नव्हतं, शेपटीला धरून आणावा लागणार होता.

दुसऱ्याच दिवशी रामेश्वर रेणुकाविहारला गेला. वेष पालटायचा म्हणून त्याने कंपनीचं ओळखपत्र खिशात घातलं आणि वही काखेत मारली. इथेच त्याचं चुकलं. काखेत वही, पायात बूट आणि दारांकडे बघत सावकाश चालणारा माणूस त्या वसाहतीत दोनच कामांसाठी येत असे, आणि दुसरं काम निवडणुकीचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी खोकली. तिचा खोकला पुढच्या दारातल्या बाईने घेतला, तिथून पुढच्या. बघता बघता खोकला गल्लीच्या टोकाला पोचला आणि दारोदारी हालचाल सुरू झाली. एकीने नळाजवळ उलटं घमेलं टाकलं. एकीने पोतं. एका घरासमोर नळाच्या शेजारी बसक्या वस्तूला लोकरीचं स्वेटर घातलेलं होतं, मे महिन्यात. रामेश्वरच्या संशयाने टोक गाठलं. इथे काहीतरी लपवलं जात होतं, सामूहिकपणे आणि सरावाने.

स्वेटरच्या घरासमोर शिवणयंत्र मांडून एक बाई ब्लाऊज शिवत बसली होती. चष्मा कपाळावर, तोंडात टाचण्या. तिने टाचण्या काढल्या.

"मोटार नाय आमच्याकडं," ती म्हणाली.

रामेश्वरने मोटारीचं नाव काढलं नव्हतं. नळाला टिल्लू मोटार लावून पाणी ओढण्यावर महापालिकेची बंदी आहे आणि ती प्रत्येक घरात असते, हे त्याला माहीत होतं; त्याच्या स्वतःच्या घरी होती. त्याने सांगितलं की तो भाड्याने घर बघायला आलाय.

"बघा की. आधी पलीकडच्या गल्लीत बघा, तिथं एकेकाकडं दोन-दोन हायत."

"घरं?"

"तुमी जे बघायला आलात ते."

तो काही बोलायच्या आत शेजारच्या बाया जमल्या. कुणी विचारलं, कोणत्या वॉर्डाचे. कुणी म्हणालं, मागच्या खेपेला आलेल्यानेही घरच बघायचंय म्हणून सांगितलं आणि जाताना तीन मोटारी उचलून नेल्या. एकीने त्याचा फोटो काढला. रामेश्वरला कळून चुकलं की आपण ज्या गटावर नजर ठेवतो त्याच गटात आपला फोटो आता जाणार, आणि तो लाल ठिपका असेल. त्याने घाईघाईने खिशातून ओळखपत्र काढलं.

"सारजाचे व्हय?" शिवणवाल्या बाईचा चेहरा एकदम निवळला. "मंग आधी नाय का सांगायचं. बसा. मी शालू पाथ्रीकर."

गुलाबामागे कुणी लपलेलं नव्हतं. गुलाब तिच्या दारातच होता, आणि त्याखाली तिने टाकलेली खुर्ची होती. रामेश्वर खुर्चीत बसला, चहा आला, एकीने पुन्हा फोटो काढला, आणि त्याने उपसंपादकाला शोभेल अशा थंडपणे विचारलं की तुम्ही आमच्याविरुद्ध दर आठवड्याला हे काय लिहिता.

"इरुद्ध?" शालूताईने त्याच्याकडे असं पाहिलं जसं फोटोतली सारजाबाई बघायची. "कंपनीत असून तुमाला म्हाईत नाय?"

मग तिने सांगितलं. उन्हाळा लागल्यापासून एक गोष्ट या गल्लीच्या ध्यानात आली होती. ज्या दिवशी सकाळी सारजाचा टेम्पो येत नाही, त्या दिवशी दुपारी नळाला पाणी येतं. ज्या दिवशी टेम्पो येतो, त्या दिवशी येत नाही. मोबाईलवर नळाचं वेळापत्रक येतं, ते बाया वाचतात आणि सोडून देतात. सारजाचं तसं नाही. सारजा एकदाही चुकली नव्हती. निम्म्या बाया कामावर जाणाऱ्या. पाणी आलं आणि घरी कुणी नसलं की आठवडा कोरडा जायचा. शालूताई दिवसभर दारात असते. टेम्पोची वेळ टळली की ती गटावर टाकते, बाया रजा टाकून येतात, ड्रम मांडतात, स्वेटरं काढतात.

"या उन्हाळ्यात नवसाला पावली असंल तर सारजाच," शेजारची म्हणाली. "पर न येऊन."

"हे कंपनीत बोलू नका मात्र," शालूताईने बजावलं. "मालकाला कळलं की रोज टेम्पो धाडतील. मंग आमी काय बघायचं?"

रामेश्वरने मान हलवली आणि निघाला. खरं तर इथे त्याचं समाधान व्हायला हवं होतं. पण संशयाचं एक बरं असतं, दुष्काळातही त्याला पाणी घालावं लागत नाही. निंदा नव्हती हे खरं, पण मग हे काय होतं? पाणी कधी येणार हे पाणी सोडणारेही ठामपणे सांगू शकत नसताना, सारजाच्या टेम्पोला ते सकाळीच कळतं. म्हणजे आतून कुणीतरी कळवतं. कोण? आणि कुणाला? पाणी येणाऱ्या दिवशी जार खपत नाहीत म्हणून टेम्पो पाठवायचा नाही, इतका बारीक विचार कंपनीत कोण करू शकतं? ऋतुराजसर? मग मीटिंगमधला त्यांचा संताप नाटकी होता का? आणि अण्णांचा तो फिरकीचा तांब्या? स्टॉपवर रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या रामेश्वरला अचानक वाटलं की आपल्याला मुद्दामच काही सापडू नये म्हणून नेमलंय.

त्या बाजूचा टेम्पो सांडू चालवायचा. गडी जुना, कमी बोलणारा. रामेश्वरने पुंजारामला बोलता बोलता विचारलं की सांडू अधूनमधून येत नाही तो का.

"मयत असते," पुंजाराम म्हणाला. "मामा वारले, मावसा वारले, परवा मामेसासरा गेला. गोत लई मोठं हाय त्याचं. या उन्हाळ्यात निम्मं आटलं."

शनिवारी सकाळी उशिरा पडद्यावर ठिपका उगवला. 'सारजा आज आली नाही.' फुगे. त्याच वेळी खालून पुंजारामचा आवाज आला, सांडूचा फोन होता म्हणे, आणखी एक मामा. रामेश्वरने खुर्ची मागे सरकवली, सांडूचा पत्ता विचारून घेतला आणि मुकुंदवाडीच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या अंगाला असलेल्या वस्तीत पोचला.

सारजाचा टेम्पो बोळाच्या तोंडाशीच उभा होता. मागे आदल्या संध्याकाळीच भरून आणलेले जार, प्रत्येकावर सारजाबाई, सगळ्यांची नजर रामेश्वरवर. बोळात चिखल होता, आणि त्या वर्षी चिखल ही ऐपतीची खूण होती. आत सांडू बनियनवर उभा होता. हातात पाइप, समोर ड्रम, कळश्या, घमेली, एक लहान बाळाचा टब आणि एक प्रेशर कुकर, सगळ्यात पाणी.

"मामा गेले म्हणे," रामेश्वर म्हणाला.

"व्हय," सांडू पाइपाकडे बघत म्हणाला.

"कधी?"

"गेले." त्याने पाइप दुसऱ्या ड्रमात घातला. "गेलेल्याला काय करता येतंय सायेब. पानी तर भरावं लागतंय."

रामेश्वरने मग सरळच विचारलं. नळाला पाणी येणार हे तुला कोण कळवतं, आणि त्याच्या बदल्यात काय ठरलंय. सांडूला प्रश्नच समजला नाही. रामेश्वरने तो पुन्हा, सोपा करून विचारला.

"नळ सांगतो की," सांडू म्हणाला. "पहाटं सूं सूं करायला लागतो."

बाकीचं त्याच्याकडून तुकड्यातुकड्याने निघालं. टाकीचं पाणी आधी त्याच्या वस्तीला सोडतात, मग दुपारून खाली रेणुकाविहारकडे. त्याची बायको गोजरबाई पहाटेच कारखान्यात कामाला जाते. तिने खाडा केला तर तिथे दुसरी उभी असते. म्हातारी आईला नळापर्यंत चालवत नाही. मग ज्या पहाटे नळ सूं सूं करतो त्या दिवशी सांडू घरी राहतो. पाणी भरायला थांबतो, असं पाण्याच्या कंपनीत सांगायला त्याला बरं वाटेना, म्हणून मामा. रेणुकाविहारच्या बाया आपल्यावरून दिवस ओळखतात हे त्याला माहीतच नव्हतं. ऐकून तो जरा लाजला.

"एवढे जार भरून टेम्पोत आहेत," रामेश्वर म्हणाला. "चार उतरवून घेतले असतेस."

"त्ये इकायचं हाय," सांडू म्हणाला, आणि पाइप रामेश्वरच्या हातात देऊन ड्रम सरकवायला वाकला. रामेश्वरने पाइप धरला. त्याच्या बुटात पाणी गेलं. उन्हाळ्याभरात त्याच्या अंगावर आलेलं ते सर्वांत गार पाणी होतं.

"अण्णाला सांगनार व्हय?" सांडूने वाकलेल्या अवस्थेतच विचारलं.

रविवारी रामेश्वर दोन अहवाल लिहायला बसला. खरा अहवाल एका ओळीत संपत होता आणि मूर्खासारखा दिसत होता: सांडू पाणी भरायला घरी थांबतो. लांडगा नव्हता. लांडगा नाही म्हणजे राखणदार नाही, आणि वर सांडूचाही टेम्पो जाणार. दुसरा अहवाल कडुबाचा. तो आपोआप लिहून होत होता. कडुबाचा नवा धंदा, कडुबाचा जुना राग, कडुबाच्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी रेणुकाविहारचं असणारच. त्यात बाण होते, वर्तुळं होती, आणि मधोमध कडुबा. त्यावर अण्णा एका श्वासात विश्वास ठेवतील, याबद्दल रामेश्वरला खात्री होती. शीलाने दोन्ही अहवाल वाचले आणि म्हणाली, दुसरा जास्त खरा वाटतो.

सोमवारी केबिनमध्ये तीच माणसं. रामेश्वरच्या हातात कडुबाचा अहवाल होता, आणि तो भिंतीवर दाखवायला त्याने नुकतंच यंत्र सुरू केलं होतं. तेवढ्यात पुंजाराम खाकरला.

"एक सांगायचं होतं अण्णा. माझी मेव्हणी रेणुकाविहारला ऱ्हाते. तिनं फोटू पाठवलाय." त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत रामेश्वर होता. खुर्चीत बसलेला, हातात कपबशी, शेजारी शिवणयंत्रावर शालू पाथ्रीकर. "पोस्टी टाकणारी बाई हीच. सायेब तिच्याकडं चहा घेत होते."

अण्णांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग रामेश्वरकडे पाहिलं. ऋतुराजने सावकाश लॅपटॉप मिटला. कडुबाचे बाण भिंतीवरून नाहीसे झाले.

मग रामेश्वरने खरं सांगितलं. वही, खोकला, स्वेटर, शालूताई, सगळं. सांडूचं नाव येईपर्यंत त्याने शक्य तितका उशीर लावला, पण त्या गोष्टीत शेवटी सांडूशिवाय काही नव्हतंच.

अण्णांनी तांब्याची फिरकी उघडली, घोटभर पाणी प्याले, पुन्हा लावली.

"म्हंजे म्हातारीला कुणी नावं नाय ठेवली."

"नाय अण्णा. नवसाला पावती म्हणतात."

"कडुबाचा हात नाय."

"नाय." अण्णांना याचं जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"अन् सांडू सकाळी थांबला की दुपारून रेणुकाविहारला पानी येतं. हमखास."

"उन्हाळाभर चुकलं नाही."

ऋतुराजने खुर्ची पुढे ओढली. हा शिस्तीचा प्रश्न आहे, सांडूला आजच कामावरून काढलं पाहिजे आणि त्या भागात रोज वेळेवर दुसरा टेम्पो गेलाच पाहिजे, असं तो म्हणाला. ब्रँड म्हणजे सातत्य, असंही म्हणाला.

"गप ऱ्हा," अण्णा म्हणाले. "रेणुकाविहार अन् आपला बंगला एकाच लायनीवर हाय."

"बाबा, तो मुद्दा नाहीये."

"मुद्दा कसा नाय? शनिवारी सूनबाई सोनिया पोरांना घेऊन बाजारात गेली, अन् मागं पानी येऊन गेलं. तीन ड्रम कोरडे हायत घरात. मोबाईलवर वेळ आली तरी त्या नळाचा भरवसा नाय, अन् इथं माझाच टेम्पो सांगतोय, ते मला म्हाईत नाय." ते पुंजारामकडे वळले. "सांडूचे मामा मरत असतील तर मरू द्या. इचारायचं नाय."

निर्णय तिथेच झाले. सांडू राहिला. सारजाबाईचा फोटो जारवर राहिला. टूल पुढच्या वर्षासाठी ठेवलं, त्याबरोबर खुर्ची ठेवली, आणि खुर्चीवर रामेश्वर. त्याचं काम फक्त थोडं नेमकं केलं. पडद्यावर रेणुकाविहारचा ठिपका उगवला की त्याने लगेच बंगल्यावर फोन लावायचा. ऋतुराजने याला 'अलर्ट सिस्टीम' असं नाव दिलं, म्हणजे त्याचंही काही राहायला नको. कडुबाचा अहवाल अण्णा घरी घेऊन गेले. पुढेमागे कामी येईल म्हणाले.

रामेश्वरने गावी फोन करून बापाला सांगितलं की नोकरी पक्की झाली. बिरूने विचारलं, लांडगा घावला का. रामेश्वर म्हणाला, नाय बा, पण राखण चालू हाय. बिरू म्हणाला, मंग बरंय.

पुढच्या सोमवारी ठिपका उगवला. रामेश्वरने बंगल्यावर फोन लावला, सोनियावहिनींनी ड्रम मांडले, दुपारी पाणी आलं. मंगळवारी अण्णा नेहमीसारखे फिरकीचा तांब्या घेऊन कंपनीत आले. बंगल्यावर सारजाचा जार कधी गेलेला नाही. तिथे प्यायलाही नळाचंच पाणी असतं.